आप्पांना दिसणारा तू

९ फेब्रुवारी, रविवार

दादा,

नमस्कार, कुशल वगैरे तू धरून चाल. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि वहिनींना फोन केला तर त्या बिचाऱ्या 'हो, सांगते' याच्या पलीकडे जात नाहीत. पत्राचं एक बरं असतं, फाडून टाकायचं म्हटलं तरी एकदा हातात घ्यावंच लागतं.

तर बातमी अशी, की गेले तीन महिने तू रोज आमच्या घरी येतोस. दुपारी तीनच्या सुमाराला, आप्पांची गोळी पोटात गेल्यावर पाऊण तासाने. रंगाच्या डब्यांच्या फळीपाशी उभा राहतोस. अंगात निळा शर्ट असतो. आप्पा तुला 'बस की रे' म्हणतात, पण तू बसत नाहीस. मग ते तुला कामं सांगत राहतात. शाळेच्या बोर्डाचा पिवळा फार भडक झालाय, लायब्ररीचा अजून वाळायचाय, जाड ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेव. सुट्टीच्या दिवशी मी त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असते. माझ्याशी इतकं ते वर्षभरात बोलले नसतील. न येता तुझे एवढे लाड होतात हे पाहून माझा जळफळाट होतो, तो आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

आप्पांना पार्किन्सन आहे. हे तुला ठाऊक नसणार, कारण मी कळवलं नव्हतं. हात थरथरतो, अंग ताठतं, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखा अडतो. त्याची गोळी सहा वर्षं चालू आहे. दोन वर्षांपूर्वी विसरणं सुरू झालं. वय झालं म्हणून मी कानाडोळा केला. मग एक दिवस त्यांनी ब्रश धुवायला म्हणून पातेलं गॅसवर चढवलं आणि त्यात पाण्याऐवजी दूध ओतलं. दोन ब्रश दुधात उकळत होते आणि आप्पा बाजूला उभे राहून, दूध उतू जाऊ नये म्हणून फुंकर मारत होते. मला आधी हसू आलं, मग मी त्यांना घेऊन मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले आणि शेवटी कागदावर दोन गोल काढले, एकमेकांवर चढलेले. एक पार्किन्सनचा, एक अल्झायमरचा. मधल्या भागात पेन टेकवून म्हणाल्या, तुमचे वडील इथे आहेत. म्हाताऱ्या मेंदूत हे दोन्ही पुष्कळदा एकत्रच सापडतात. एकाचा कचरा साठायला लागला की दुसऱ्याचाही साठत जातो. त्यातला कुठला किती, हे माणूस जिवंत असेपर्यंत पक्कं सांगता येत नाही. पार्किन्सनच्या गोळीने अंग मोकळं होतं, पण अशा मेंदूत तीच गोळी नसलेली माणसं दाखवू शकते. गोळी कमी करावी, तर माणसं जातील पण अंग आखडेल. माणसं घालवायला वेगळं औषध द्यावं, तर बहुतेक औषधांनी तेच होतं. विसरण्यावरच्या गोळीने थोडा फरक पडेल, पण थरथर वाढली तर ती थांबवावी लागेल. थोडक्यात, हात जास्त हवेत की डोकं, हे घरच्यांनी बोलून ठरवा.

घरचे म्हणजे कोण, तर मी, आणि फळीपाशी उभा राहणारा तू. त्या तुझ्याकडून काही उत्तर मिळत नाही, म्हणून खऱ्या तुला विचारते.

आणखी एक. मी बाईंना विचारलं, ते माणसं ओळखतील असे किती दिवस आहेत. त्या म्हणाल्या वर्षभर, कदाचित कमी. तेवढ्यात तू एकदा येऊन जा. भांडण मिटवायचं तर ते दोघांनाही आठवायला हवं. नंतर आलास तर तू एका म्हाताऱ्याला भेटून जाशील आणि ते एका पाहुण्याला. मला एवढंच हवंय, की त्यांना कळत असताना तू त्यांच्या समोर असावास.

तुझी
टिंब
(हे नाव आता कुणी घेत नाही. बोर्डावरच्या अक्षरांची फक्त टिंबं रंगवू द्यायचात मला तुम्ही दोघं, त्यावरून तूच ठेवलेलं.)


२ मार्च, रविवार

दादा,

वहिनींचा मेसेज आला, 'पत्र पोचलं.' तक्रार नाही. निदान पोचलं.

परवा आप्पा पडले. डावं मनगट मोडलं, कपाळावर चार टाके पडले. मी कामावर होते. मी कुठे काम करते हेही तुला माहीत नसेल. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइन करते. ज्या यंत्राने आप्पांचा धंदा बसवला त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून मी पोट भरते. त्यांना जो बोर्ड दोन दिवस पुरायचा तो माझा चहा संपायच्या आत तयार होतो, आणि वर्षभरात उन्हाने पांढराफटक पडतो. आप्पांनी यावर कधी अवाक्षर काढलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, तिथे रंगाचा वास येतो का. मी नाही म्हटलं. 'हं,' म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

दुपारी शेजारच्या नर्सबाई येऊन त्यांना बघून जातात. निवृत्त झाल्यात, पण हाताखाली एक तरी पेशंट असल्याशिवाय त्यांना करमत नाही. त्यांना आप्पा फळीखाली पडलेले दिसले. स्टूल आडवं, निळ्याचा डबा गडगडत पलंगाखाली गेलेला. ज्या माणसाला स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येत नाही तो स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढत होता.

हाडांच्या डॉक्टरकडून परत आल्यावर मी विचारलं, आप्पा, एकटे कशाला चढलात. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. म्हणाले, "एकटा कुठे होतो? दादाने धरलं होतं की स्टूल."

त्यांच्यावर मला रागावता आलं नाही, मग मी तुझ्यावर रागावले. जो माणूस घरात नव्हता त्याने स्टूल सोडलं म्हणून दिवसभर धुसफुसत होते. भांडी आपटली. नर्सबाई म्हणाल्या, तू जरा झोप काढ. वर त्यांनी मला सांगितलं, की रक्त पुसत असताना आप्पा त्यांना पुन्हापुन्हा बजावत होते, पोराला काही बोलू नका, त्याची चूक नाही, माझाच पाय सरकला.

इथे माझा धीर सुटला. नऊ वर्षं ते तुझ्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मला वाटायचं, आत राग धरून बसलेत. आणि हे बघ, तू त्यांना पाडलंस तरी ते तुलाच पाठीशी घालतायत.

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन दुपारची गोळी अर्धी करायला सांगणार आहे. तुला विचारलं होतं. तू काही बोलला नाहीस, म्हणून एकटीनेच ठरवलं. डोकं ठेवायचं, हात सोडायचे. एका पेंटरच्या बाबतीत हे ठरवताना मला कसं झालं असेल, ते तुझं तू समजून घे.

टिंब


३० मार्च, रविवार

दादा,

गोळी अर्धी करून चार आठवडे होत आले.

अंगाचं लाकूड झालंय. सकाळी त्यांना कुशीवर वळवताना मला एक पाय भिंतीला लावून जोर काढावा लागतो. बटणं मी लावते, दाढी मी करते. घास तोंडापर्यंत पोचेतो सूप गार होतं. आवाज इतका खोल गेलाय की कान त्यांच्या ओठांपाशी न्यावा लागतो. पलंगावरून उठले की दोन पावलं टाकून थांबतात, आणि थांबले की थांबलेच.

यावर बाईंनी एक उपाय सांगितला, जो मला थट्टाच वाटला. म्हणाल्या, जमिनीवर आडव्या रेघा मारा, एकेक पाऊल अंतर ठेवून. मी त्यांचाच पांढरा ऑइलपेंट काढला, सरळ ओळ उमटवायची खडूची दोरी शोधली. तिचं एक टोक विटेखाली, दुसरं माझ्या दातांत, असं करत पलंगापासून बाथरूमपर्यंत एकोणीस रेघा मारल्या. आप्पा उशीला टेकून बघत होते. "चौथी वाकडी आहे," म्हणाले. होतीच. रंग वाळल्यावर त्यांना उभं केलं, आणि ते एकेक रेघ ओलांडत थेट बाथरूमच्या दारापर्यंत गेले. वळले आणि परत आले. मी तिथेच खाली बसून हसले आणि रडले.

यांना माज होता दोरी न लावता बोर्ड लिहायचा, आठवतं? ओळ माझ्या डोळ्यांत आहे म्हणायचे. दातांच्या डॉक्टरच्या त्या बोर्डाला दोरी लावली असती तर कदाचित तू आज इथे असतास.

तुला सगळं पाठ असणार, तरी लिहिते. तू शिडीवर होतास आणि मी खाली, दोघांना सारखंच दिसलं असेल असं नाही. चौदा फुटी बोर्ड. पहिलं अक्षर फूटभर उंच आणि पुढे प्रत्येक अक्षर थोडं थोडं कमी होत शेवटचं वीतभर. डॉक्टर हसला, म्हणाला, माझा दवाखाना लांब निघून चाललाय असं वाटतंय. रस्त्यावरची चार माणसं हसली. तू सगळ्यांसमोर आप्पांना म्हणालास, "आधी बाटली ठेवा, मग ब्रश उचला." मग बोर्डावर पांढरा फिरवलास आणि अख्खा बोर्ड तुझ्या हाताने पुन्हा लिहिलास. आप्पा तोवर शिडी धरून उभे होते. त्या संध्याकाळी त्यांनी तुला घराबाहेर काढलं. तू बॅग भरताना मला म्हणालास, बघ, पोरगा चाललाय तरी ह्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

आता नीट वाच. लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जाणं, हे पार्किन्सनचं लक्षण आहे. कित्येकदा हात थरथरायच्या आधीपासून सुरू होतं. चालताना तोल जाणं, बोलणं जड होणं, हेही. आणि चेहरा न हलणं, तेसुद्धा. आत काय उलथापालथ चाललीये ते चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्या दिवशी त्यांना रडायचं असतं तरी जमलं असतं की नाही, कोण जाणे.

हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं, त्यांचं निदान झालं तेव्हा. तुला आज कळवतेय. का, ते आज लिहवत नाही.

डोकं मात्र बरंच निवळलंय. पहिले काही दिवस तीन वाजता सुरू झालेलं फळीशी बोलणं मी संध्याकाळी घरी आले तरी चालूच असायचं. मी दर वेळी सांगायची, आप्पा, तिथे कुणी नाही. ते गोळीमुळे दिसतं. दादा इथे राहत नाही. दहा वेळा सांगितलं, वीस वेळा सांगितलं. एकदा माझा आवाज चढला, कामावरून दमून आले होते. ते रडले. चेहरा तसाच होता, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानंतर तुझं नाव नाही. दहा दिवस झाले, तू यायचा बंद झालास. बाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या.

काल दाढी करताना त्यांनी माझं मनगट धरलं. विचारलं, त्याला जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, नऊ. मग म्हणाले, "त्याला कळव. मी पीत नव्हतो."

टिंब


३१ मार्च, सोमवार

दादा,

बाटलीचं तुला कुणी सांगितलं होतं, आठवतं का? मी.

आप्पांच्या दुकानात डब्यांच्या मागे मला दारूची बाटली दिसली होती, लेबलासकट, अर्धी भरलेली. आप्पा त्या दिवसांत चालताना झोकांडी खायचे, बोलताना जीभ जड व्हायची. मी माझ्या मनाशी जुळवून टाकलं. बोर्डाच्या त्या सकाळी तू शिडी टेम्पोवर चढवत होतास तेव्हा तुझ्या कानाला लागले. तुला आधीच संशय होता असं तू म्हणालास, पण तुला नव्हता, मी घातला.

तू गेल्यानंतर आठवड्याने ती बाटली ओतून द्यायला म्हणून बाहेर काढली आणि बूच उघडलं. टर्पेंटाइन. पेंटरच्या दुकानात टर्पेंटाइन मिळेल त्या बाटलीत भरून ठेवतात, हे पेंटरच्या दोन्ही पोरांना कळू नये. तू तरी एकदा वास घ्यायचा होतास. मी तरी घ्यायचा होता.

म्हणजे सहा वर्षं नव्हे, नऊ वर्षं. तू गेल्यावर आठव्या दिवसापासून मला माहीत आहे की ते पीत नव्हते. मधे एकदा मी त्यांना विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत. म्हणाले, "तुम्ही दोघांनी ठरवलंच होतं."

आधी मी भीतीने गप्प बसले. तू परत आला असतास तर पहिला प्रश्न मला विचारला असतास. नंतर भीती गेली तरी गप्पच राहिले, त्याचं कारण वाईट आहे. तू गेल्यावर दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. आप्पांच्या हाताला उतार पडत होता, एक दिवस त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, लिही. जन्मभर टिंबं रंगवली, दादा. पूर्ण अक्षर लिहायला मिळालं ते तू घरात नव्हतास म्हणून. दुकान बंद होईपर्यंत तीन वर्षं मी बोर्ड लिहिले, आणि मला ते आवडलं. तुला पत्र लिहायला बसायचे आणि उठायचे.

आता माझ्यावर चिडायचं तेवढं चीड, पण आप्पांवरचा राग सोड. त्यात काही तथ्य नव्हतं.

टिंब


११ एप्रिल, शुक्रवार

दादा,

तुझा मेसेज मिळाला. 'रविवारी येतो. दुपारच्या गाडीने परत.' मला माफ केलंस की नाही ते त्यात नाही, आणि मी विचारणारही नाही.

अकराला ये. दहाची गोळी तोवर लागू पडलेली असते, तास-दीड तास ते सगळ्यांत चांगले असतात. बघून दचकू नकोस, फार वाळलेत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असतील. जमिनीवरच्या रेघांवर थट्टा करू नकोस, चौथी वाकडी आहे ते मला माहीत आहे. त्यांनी एखादी गोष्ट चुकीची सांगितली तर दुरुस्त करू नकोस. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांब.

तू येणार हे मी त्यांना आधी सांगणार नाही. सांगितलं तर विसरतील. आणि नाही विसरले तर दोन दिवस दाराकडे डोळे लावून बसतील, आणि ऐनवेळी तुझा पाय मागे फिरला तर मी त्यांना काय तोंड दाखवू. राग मानू नकोस, पण नऊ वर्षांत तू बऱ्याच वेळा आला नाहीस.

मी दार उघडीन आणि स्वयंपाकघरात जाईन. तुमच्या दोघांत मी एकदा येऊन गेले आहे, तेवढं पुरे. आणि खरं सांगायचं तर मागच्या पत्रानंतर तुझ्या समोर उभं राहायची माझी छाती नाही.

टिंब


१५ एप्रिल, मंगळवार

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. यानंतर नको वाचूस हवं तर.

तू गेल्यापासून दोन दिवस मीही आप्पांवर चिडून होते. तू आत गेलास, भिंतीला टेकून उभा राहिलास. त्यांनी एकदा मान वळवून तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. मग त्यांनी मान फिरवली ती खिडकीकडेच. चाळीस मिनिटं. मी भांडी नसताना नळ सोडून उभी होते आणि कान तुमच्याकडे होता. एक शब्द नाही. तू जाताना दारात मला म्हणालास, "पाहिलंस? अजून रेष हलत नाही." मला वाटलं, तुझंच बरोबर आहे, ह्यांनी सगळं मनात धरून ठेवलंय. रविवारी आणि काल मी त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलले.

आज सकाळी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होते. ते म्हणाले, "परवा तो फार वेळ थांबला."

मी विचारलं, कोण.

"दादा. मी बोललो नाही हं त्याच्याशी. अजिबात नाही." शाळेत शहाण्यासारखं वागल्याचं पोर घरी येऊन सांगतं तसं सांगत होते. मग जरा थांबून मला विचारलं, "गोळी परत वाढवलीस का?"

दादा, तू त्यांना दिसायचा कधीच बंद झाला नव्हतास. गोळी अर्धी झाल्यावर कमी वेळा यायचास, पण यायचास. त्यांनी मला सांगायचं बंद केलं. का, तर म्हणाले, तू चिडतेस. मी वीस वेळा घोकून घेतलं होतं, तिथे कुणी नाही, बोलू नका, तो गोळीचा खेळ आहे. सगळं विसरणारा माणूस माझा धडा तेवढा विसरला नाही. तू दिसलास की खिडकीकडे बघायचं, हे त्यांनी स्वतःला शिकवलं. रविवारी तू भिंतीला टेकून उभा होतास आणि ते माझं ऐकत होते.

मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि सांगितलं, "आप्पा, परवाचा दादा खरा होता. गाडीने आला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलायला वेळ लागला. "खरा?"

"खरा."

"मग बोलला का नाही?"

मग ते तुकड्यातुकड्याने बोलत गेले, मधे दोनदा त्यांना पाणी पाजलं. त्यांना जो दिसतो तो कधी बोलत नाही. कितीही विचारा, नुसता उभा असतो. रविवारी त्यांना शंका आली होती, कारण तुझा शर्ट निळा नव्हता आणि कानशिलावरचे केस पिकलेले होते. त्यांनी ठरवलं, वाट बघू. हाक मारली तर तो आपला, नाही मारली तर गोळीचा. खिडकीकडे तोंड करून ते हाकेची वाट बघत होते. "तो काय गप्प बसणारा पोरगा आहे का," असं मला विचारलं. तू लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायचास म्हणाले.

तू उभा होतास, आधी त्यांनी बोलावं म्हणून. ते बसले होते, तू बोलावंस म्हणून. आणि मी पाच पावलांवर होते. 'आप्पा, दादा आलाय.' तीन शब्द. तुझ्याकडे बघायची लाज वाटत होती म्हणून मी ते बोलायला बाहेर आले नाही. नऊ वर्षांपूर्वी नको ते बोलले आणि परवा हवं ते बोलले नाही.

दुपारी जेवायला घरी आले तर त्यांना काही आठवत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, दादा आला होता. पुन्हा तसेच थबकले, पुन्हा म्हणाले, मग बोलला का नाही. कामावरून आल्यावर तिसऱ्यांदा सांगायला गेले तर विचारलं, "कोण दादा?" मी विषय बदलला. रात्री जेवताना आपणहून म्हणाले, माझा मुलगा येऊन गेला म्हणे. म्हणजे अजून येतं-जातं आहे. डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, असंच चालेल, काही सकाळी बऱ्या असतील, आणि त्या कमी होत जातील. किती उरल्यात ते त्यांनाही सांगता येत नाही.

परत ये. रविवारची वाट बघू नकोस, निघता येईल तेव्हा नीघ. या वेळी मी तुझा हात धरून तुला त्यांच्या समोर आणीन आणि मोठ्याने सांगीन कोण आलंय ते. तुला माझं तोंड बघवलं नाही तरी तेवढं सहन कर. पण माझ्या सांगण्यावर त्यांचा आता विश्वास बसेलच असं नाही, मीच त्यांना तू नाहीस असं इतके दिवस सांगत आलेय. तू बोल. उंबऱ्यातच बोल. 'आप्पा' म्हण. ते नाही जमलं तर दुसरं काहीही. भांडलास तरी चालेल.

टिंब